साळोख्यांच्या घराचा ताप

चौऱ्याऐंशी. शंभरपैकी चौऱ्याऐंशी. शाळेत गणितात मला कधी एवढे पडले नाहीत, पण सरकारच्या यंत्रानं माझ्या तोंडाला दिले. भिंतीवरच्या त्या बशीएवढ्या पांढऱ्या डबीनं आठवडाभर आमच्या घरातलं बोलणं ऐकलं आणि रविवारी सकाळी मोबाईलवर निकाल धाडला. घरताप ८४, रंग लाल, मुख्य कारण उज्ज्वला साळोखे, वय सत्तेचाळीस, रुग्णाची थोरली बहीण. म्हणजे मी.

मी तो निरोप आत्तीला मोठ्यानं वाचून दाखवला. आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. ऐंशी पार केलेली, कानानं अधू, त्यामुळं ती बोलते ते गंगावेशीपर्यंत ऐकू जातं. ती म्हणाली, एवढे कमी कसे काय पडले?

हसलो आम्ही. पण निरोपाच्या खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती आणि ती वाचल्यावर माझं हसू गेलं. सहा महिन्यांत असे तीन लाल आठवडे झाले, की रुग्णाला घरातून हलवायचं. कराडजवळ सरकारनं बांधलेल्या उपचार-निवासात, अठरा महिने. महिन्यातून एक भेट, तीही काचेच्या खोलीत.

रुग्ण म्हणजे माझा धाकटा भाऊ, धैर्यशील.

एकोणीस वर्षांचा होता तेव्हा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होता आणि वर्गात वर होता. एक दिवस घरी येऊन म्हणाला, अक्का, वर्कशॉपमध्ये चारपाच जण माझ्याविषयी बोलतात, पण वळून बघितलं की कोणी नसतं. आम्हाला वाटलं पोरं चेष्टा करत असतील. मग ती माणसं त्याच्या मागनं घरी आली, अंथरुणात आली. पुढं कधीतरी त्याला शोध लागला की देशीचे दोन ग्लास पोटात गेले की ती माणसं दोन तास गप्प बसतात. झालं. एकाचे दोन आजार झाले आणि दोन्ही एकमेकांना धरून वाढले.

मग आमची वरात सुरू झाली. मनाच्या दवाखान्यात गेलं की ते म्हणायचे, आधी दारू सोडवून आणा. दारू सोडवणाऱ्यांकडं गेलं की ते म्हणायचे, ह्याला भास होतात, आमची बाकीची माणसं घाबरतात, आधी डोकं ठिकाणावर आणा. ह्या दारातनं त्या दारात. पहिली चौदा वर्षं आई त्याला घेऊन फिरली. माझं लग्न चार वर्षांत मोडलं आणि मी परत आले, ती आईच्या मदतीला. सहा वर्षांपूर्वी आई गेली. मग मी, तो, आत्ती आणि सात म्हशी. आमचा धंदा पिढीजात दुधाचा. गंगावेशीतल्या कट्ट्यावर रोज सकाळ-संध्याकाळ म्हशी उभ्या करायच्या आणि गिऱ्हाईकाच्या समोर ग्लासात धार मारायची, फेस वर येईपर्यंत. धैर्यशील बरा असला की धार तोच मारतो. त्याच्या हाताला म्हशी पटकन पान्हा सोडतात, माझ्या हाताला नाही.

तीन वर्षांपूर्वी जोडउपचाराची योजना आली आणि पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं की दोन्ही आजार एकाच दारात बघू. ते म्हणणारी डॉक्टर निखत मुजावर. मिरजेची, वयानं माझ्या लेकीसारखी. तिनं तीन महिन्यांतून एकदा द्यायचं इंजेक्शन सुरू केलं. दंडाच्या कातडीखाली तांदळाएवढा दाणा बसवला, त्यातून थोडं थोडं औषध झिरपतं आणि दारूची ओढ बोथट होते. मनगटावर एक पातळ पट्टी चिकटवली. ती घामातनं दारू ओळखते, नाडी मोजते, झोप मोजते. आणि म्हणाली, चौथं औषध तुम्ही. घरची माणसं.

त्या चौथ्या औषधाचं माप घ्यायला ती डबी आली. तिचं नाव कानोसा.

डॉक्टरीणबाईंनी मला नीट समजावलं होतं. ऐंशीएक वर्षांपूर्वी काही डॉक्टरांच्या ध्यानात आलं की दोन माणसं दवाखान्यातून सारखीच बरी होऊन घरी जातात, औषधही तेच घेतात, पण एक टिकतो आणि दुसरा चार महिन्यांत परत येतो. फरक कुठं, म्हणून ते घराघरांत जाऊन बसले, तासन् तास बोलणं ऐकलं. तेव्हा दिसलं की जिथं सारखे टोमणे, दोष देणं, नाहीतर जीव गुदमरेल एवढी काळजी, तिथला माणूस लवकर कोसळतो. घरामुळं आजार होत नाही, हे डॉक्टरीणबाईंनी मला तीनदा सांगितलं. पण सावरू बघणाऱ्याची वाट घर अवघड करू शकतं. आधी हे मोजायला शिकलेली माणसं लागायची. आता कानोसा मोजतो. आवाजाची पट्टी, वेग, शब्द, कोण कुणाला तोडतं, कोण कुणाचं नाव कसं घेतं. त्यातून एक आकडा निघतो, त्याला म्हणायचं घरताप. वाक्यं योजना चालवणाऱ्या सरकारी मंडळाकडं कुलूपबंद राहतात, सुनावणी लागली तरच घरच्यांना मिळतात.

मला हे पटलं होतं, खोटं कशाला सांगू. मीच सही केली. एकच गोष्ट मी विचारली नाही, की ही डबी बोलणं शिकली कुणाच्या घरात. ते मला फार उशिरा कळलं. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटांत शिकली होती. त्या घरांत म्हशी नव्हत्या.

दुसरा लाल आठवडा म्हशीमुळंच आला. आमच्या चंद्रीला दावणीचं दावं तोडायची खोड आहे. त्या दिवशी तिनं दावं तोडलं, वैरणीत तोंड घातलं, पाण्याचं पिंप उलटं केलं. मी तिला म्हटलं, मर एकदाची, किती खाशील, तुझ्यामागं माझं हाड न् हाड झिजलं, उद्या कसायाच्या हवाली करते बघ. धैर्यशील तिथंच शेण ओढत होता, हसत होता. गोठा घराला लागून, डबीनं सगळं ऐकलं. रविवारी निकाल आला, रुग्णास जिवे मारण्याची धमकी, एक वेळा. मी मंडळाच्या मदत-क्रमांकावर फोन केला. तिथल्या बाईनं शांतपणे विचारलं की चंद्री ही रुग्णाची कोण लागते. मी म्हटलं, म्हैस. ती म्हणाली, नात्यांच्या यादीत म्हैस नाही, मी ‘इतर’ असं लिहिते.

आता एकच लाल उरला होता. मी घाबरले. तोंडाळ बाई घाबरली की फार हुशारीनं वागायला जाते आणि तिथंच फसते. मंडळाचा सौम्य संवाद वर्ग असतो, तीन रविवार, तिथं मी नाव घातलं. तिथं शिकवतात की वाक्य ‘तू’पासून सुरू करायचं नाही, ‘मला वाटतं’पासून करायचं. आवाज खाली. शिवी नाही, टोपणनाव नाही, समोरच्याचं पूर्ण नाव घ्यायचं. मी वह्या भरल्या. सकाळी धार काढताना म्हशींपुढं सराव केला. मला वाटतं चंद्री, तू पाय हलवला नाहीस तर मला बरं वाटेल. आत्तीला सांगितलं हळू बोल, तर हळू बोललेलं तिचं तिलाच ऐकू येईना, म्हणून तिनं बोलणंच बंद केलं.

आणि घर हिरवं झालं. एकतीस. निरोपासोबत फुलांचा गुच्छ आणि अभिनंदन. पुढच्या आठवड्यात अठ्ठावीस. मी तो आकडा गल्लीत दाखवत फिरले.

त्याच आठवड्यात धैर्यशील ताटात भाकरी टाकून उठायला लागला. मी वाढलं की आधी ताट धुऊन आणायचा, मग वास घेऊन बघायचा. कट्ट्यावर यायचं सोडलं. मी काही बोलले की माझ्या तोंडाकडं बघत राहायचा, शब्दांकडं लक्षच नाही. महिन्यातून एखाद्या वेळी पाय घसरायचा त्याचा, ते आम्हाला ठाऊक होतं, पण आता पट्टीनं लागोपाठ तीन दिवस दारू दाखवली. डॉक्टरीणबाई कोड्यात पडल्या. घर तर हिरवं, म्हणजे घरात काही बिघडलेलं नाही, म्हणजे औषधच कमी पडतंय, असा त्यांचा कागद सांगत होता. त्यांनी मात्रा वाढवली. त्याच्या तोंडातून लाळ गळायला लागली, पाय ओढत चालायला लागला. मी आणखी गोड बोलायला लागले.

एका दुपारी तो गोठ्यात चंद्रीच्या पायाशी बसला होता. मी ताट घेऊन गेले आणि वर्गात शिकवल्याप्रमाणं म्हटलं, ‘‘धैर्यशील, मला वाटतं, तू दोन घास खाल्लेस तर मला बरं वाटेल.’’

त्यानं मान वर केली. मग अगदी अदबीनं, परक्या बाईशी बोलावं तसं बोलला.

‘‘लुगडं तिचंच हाय. हनुवटीवरचा तीळ बी तिचाच हाय. बोलणं तिचं न्हाई. बाई, आमच्या अक्काला कुठं नेलाय ते सांगा. मी कुणाला सांगत न्हाई. म्हातारीला बी नेलासा, ती आता बोलतच न्हाई. एवढं सांगा, जिवंत हाईत का?’’

वीस वर्षं त्याच्या डोक्यात माणसं येत होती, पण त्यानं मला कधी परकं म्हटलं नव्हतं. दारू पिऊन गटारीत पडला तरी हाक मला मारायचा. आणि मी त्याच्यासमोर उभी राहून त्याची अक्का नाहीशी केली होती, ते पण त्याला घरात ठेवून घेता यावं म्हणून.

डबी भिंतीच्या पलीकडं होती. मला ठाऊक होतं ती ऐकते. मला ठाऊक होतं हा तिसरा. ताट खाली ठेवलं, पदर खोचला आणि सुरू झाले.

‘‘ऊठ, सुक्काळीच्या. तीन दिस झालं ताटावरनं उठून जातोयस, भाकरी काय मुडद्यासाठी थापते व्हय मी? गोठ्यात शेण साठलंय, रेडकू उपाशी बोंबलतंय, आणि हे बेणं हितं बसून माझीच चौकशी करतंय. खातोयस का घालू पाठीत दांडकं?’’

त्याचा चेहरा सैल पडला आणि डोळे भरून आले.

‘‘आलीस व्हय,’’ म्हणाला. ‘‘कुठं गेलतीस एवढं दिस?’’

अडीच भाकरी खाल्ल्या त्यानं. मी समोर बसून त्याला शिव्या घालत होते आणि रडत होते. आत्तीनं दारातनं बघितलं आणि ओरडून विचारलं, काय झालं. त्यानं तिच्याकडं बघून हात जोडले. रविवारी निकाल आला. एक्क्याण्णव. त्याच्यामागोमाग सुनावणीची नोटीस आली.

सुनावणी लागली म्हणून सहा महिन्यांची वाक्यं आता मला मिळाली, चांगला जाड गठ्ठा. डॉक्टरीणबाईंनी मला दवाखान्यात बोलावलं. वाक्यांचे कागद एका बाजूला ठेवले, त्याच दिवसांचे पट्टीचे आलेख दुसऱ्या बाजूला ठेवले. म्हणाल्या, मी मंडळाच्या नोकरीत आहे, मंडळाच्या यंत्राविरुद्ध लिहून देऊ शकत नाही, पण तुम्हाला वाचता येतं. आणि पुढचा पेशंट बघायला गेल्या.

मी बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली. माझी प्रत्येक शिवी लाल होती. आत्तीची ‘चहा घे रं’ ही हाक लाल, कारण ओरडणे. चंद्रीची धमकी गडद लाल. आणि त्या प्रत्येक वेळी त्याची नाडी बहात्तर, चौऱ्याहत्तर. झोप गाढ. शिव्यांनी त्याचं काही वाकडं होत नव्हतं. मला एवढा आनंद झाला, की उठून डॉक्टरीणबाईंना बोलवायला निघाले होते.

तेवढ्यात एक हिरवी ओळ दिसली. ‘जेव बाबा. आईला खाल्लंसच, आता हे बी खा.’ पुढं यंत्रानं लिहिलं होतं, स्वर शांत, जेवणाचा आग्रह, आस्था. हिरवं.

हे मी बोलते. मला आठवत होतं मी हे बोलते. तो पिऊन आला की ताट वाढताना, हळू आवाजात, मान खाली घालून. शिवीसुद्धा नाही त्यात. मी आलेख बघितला. नाडी सत्तरवरनं एकशे अठरा. त्या रात्रीची झोप कोरी, नुसती सरळ रेघ. दुसऱ्या दिवशी घामात पुन्हा ताजी दारू. मी पानं उलटत गेले. सहा महिन्यांत मी ते चारदा बोलले होते आणि चारही वेळा दोन दिवसांच्या आत तो पुन्हा प्यायला होता. त्यातलं एक तर सौम्य आठवड्यातलं. ‘मला वाटतं, आईला तुझ्या काळजीनं त्रास झाला.’ त्यावर यंत्रानं मला शाबासकी दिली होती, भावना योग्य शब्दांत व्यक्त केली.

डॉक्टरीणबाई परत आल्या तेव्हा मी तो कागद धरून बसले होते. त्यांनी तो आधीच बघितला होता हे त्यांच्या तोंडावरून कळलं. त्या म्हणाल्या, सुनावणीत फक्त म्हशीचं आणि बोलीचं सांगा, तेवढ्यावर सुटाल. हिरव्या ओळी तिथं कोणी वाचत नाही. मी विचारलं, आणि ह्या ओळीचं काय? त्या म्हणाल्या, ते तुमचं तुम्ही ठरवा, पण बोललात तर ते त्याला घेऊन जाऊ शकतात.

मी तीन दिवस विचार केला. गप्प बसले तर भाऊ घरी राहणार होता. पण डबी तशीच राहणार होती, ओरडणाऱ्याला लाल आणि गोड आवाजात काळीज कापणाऱ्याला हिरवं देत. जिल्ह्यातली सगळी घरं माझ्यासारखीच हळू बोलायला शिकणार होती. आणि धैर्यशीलला ते वाक्य ऐकवूनही मी नामानिराळी राहणार होते. ते मला जमेना.

सुनावणी मंडळाच्या कार्यालयात होती. तीन जण बसले होते. मधोमध अध्यक्ष, देशमाने मॅडम, निवृत्त न्यायाधीश, कडक बाई, पण ऐकून घेणारी. धैर्यशीलला ताण नको म्हणून त्याला बाहेर बाकावर बसवलं होतं. मी म्हशीचं सांगितलं, तेव्हा बाजूचे दोघं हसले. बोलीचं सांगितलं, तेव्हा मॅडमनी लिहून घेतलं. त्या म्हणाल्या, यंत्राच्या शिक्षणात त्रुटी दिसते, ते आम्ही कळवू. मी तिथंच थांबले असते तर काम झालं होतं.

मी हिरवी ओळ वाचून दाखवली. आलेख टेबलावर पसरला. चार बोटं चार जागी ठेवली आणि सांगितलं की तुमचं यंत्र इथंही चुकलंय, पण ह्या वेळी माझ्या बाजूनं चुकलंय. ही शिवी नाही म्हणून हिरवी. ही चारही वेळा त्याला लागली. ही मी बोलले.

खोलीत कोणी हसलं नाही. देशमाने मॅडमनी चष्मा काढला.

‘‘तुमच्या बोलण्यानं तो प्यायला, हे तुम्ही स्वतःच सांगताय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मग त्याला तुमच्या घरात का ठेवावं?’’

‘‘ठेवू नका असं त्यानं म्हटलं तर न्या, मी आडवी येणार नाही. पण त्याला इचारा. सहा महिने तुम्ही भिंतीला इचारताय.’’

बाजूचे एक साहेब म्हणाले, रुग्णाच्या मताला नियमात जागा आहे, पण आजारात त्याचं मत ग्राह्य धरता येईल का हा प्रश्न आहे. मी म्हटलं, एकोणीस वर्षांचा होता तेव्हापासून सगळे हेच म्हणतात आणि त्याच्या नावानं कागद रंगवतात. आईनं विचारलं नाही, मी विचारलं नाही, डबीनं विचारलं नाही. एकदा विचारून तर बघा, आभाळ कोसळतं का. माझा आवाज चढला होता, मला कळत होतं, मी तो खाली आणला नाही.

मॅडमनी शिपायाला खूण केली. धैर्यशील आत आला. वाढलेल्या मात्रेमुळं पाय ओढत आला, खुर्चीवर टेकला, तोंड रुमालानं पुसलं. मॅडमनी त्याला सरळ विचारलं की घरी काय त्रास होतो.

तो हळू बोलत होता, पण अडखळला नाही.

‘‘अक्का शिव्या देती तवा मला कळतं मी घरात हाय. आईचं बोलती तवा वाटतं मी कुठंच नको. एवढंच हाय. डबीला ह्यातलं कळत न्हाई. मला इचारलं असतं तर सांगितलं असतं. लाल-हिरवं माझं मला ठरवू द्या.’’

‘‘आणि बरं नसताना चुकीचं ठरवलंत तर?’’

‘‘चुकंल की. डबी बी चुकली.’’

मॅडमनी विचारलं, पिणं थांबवणार का. मी मनातल्या मनात म्हटलं, हो म्हण, बाबा, एकदा हो म्हण. तो म्हणाला, तसं सांगत न्हाई, आधी लई वेळा सांगितलंय.

अर्धा तास आम्हाला बाहेर बसवलं. मग निकाल दिला. नव्वद दिवस कानोशाचा आकडा बाजूला ठेवायचा. घरातलं काय लागलं, काय नाही, ते रुग्ण स्वतः मोबाईलवर लाल-हिरवं करेल, डॉक्टर दर आठवड्याला ते पट्टीशी ताडून बघतील. वाढवलेली मात्रा तपासायची. नव्वद दिवसांनी पुन्हा हजर व्हायचं. मॅडम म्हणाल्या, हा विजय समजू नका. मी म्हटलं, समजत नाही, पण घरी घेऊन जाते.

पहिल्याच आठवड्यात धैर्यशीलनं मला तीन लाल दिले. दोन मला मान्य होते. तिसऱ्यापुढं त्यानं लिहिलं होतं, दारात वास घेती. माझं डोकंच फिरलं. तो बाहेरून आला की मी उठून जवळ जाते, कॉलर नीट केल्यासारखं करते आणि तोंडाचा वास घेते. वीस वर्षं घेते. नाही घेतला तर कळणार कसं? मी त्याच्याशी भांडले. म्हटलं, भाड्या, तुझ्यापायी मी पोलिसांत गेले, घाटावर जाऊन पाण्यात बघत उभी राहिले, आणि एक वास घेतला तर लाल? तो म्हणाला, व्हय, लाल. पुसला नाही त्यानं तो.

मी सोडलं. सांगायला सोपं आहे. तो दारात यायचा आणि मी जागेवर बसून राहायची, हाताला काहीतरी चाळा लावून. पहिले काही दिवस तर तो आत गेल्यावर त्याच्या चपलांकडं बघूनच काही कळतंय का बघायची. मग तेही बंद केलं. डॉक्टरीणबाईंनी मात्रा उतरवली होती, लाळ थांबली होती. आत्ती पुन्हा गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं बोलायला लागली. धैर्यशील धार मारायला कट्ट्यावर यायला लागला होता.

बेचाळिसाव्या दिवशी, दिवेलागणीला, मी उंबऱ्याच्या आत वाल निवडत बसले होते. तो आला. रोजच्यासारखा सरळ आत गेला नाही, दारात थांबला. मी मान वर केली नाही. बोटं नुसती वालांत फिरत होती.

‘‘अक्का,’’ तो म्हणाला, ‘‘आज पिलोय. एक ग्लास. दुसरा भरला हुता, तसाच ठिवून आलो.’’

वीस वर्षांत त्यानं हे कधी आपणहून सांगितलं नव्हतं. आम्ही हुंगून काढायचो, खिसे उलटे करायचो, शपथा घालायचो आणि तो खोटं बोलायचा. मला राग आला, सपाटून आला. आणि त्याच्याखाली एवढा आनंद झाला की कुठं बघावं कळेना. मी सूप बाजूला ठेवलं, त्याला आत घेतलं, पाणी दिलं. विचारलं, आवाज आले का आज. तो म्हणाला, दुपारपासनं. म्हटलं, उद्या सकाळी डॉक्टरीणबाईंकडं जाऊ, मी येते. तो बरं म्हणाला.

तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. मनगटावरच्या पट्टीनं कळवलं होतं. रुग्णाच्या घामात मद्य आढळले आहे, कुटुंबाला याची कल्पना आहे का? खाली होय आणि नाही असे दोनच चौकोन होते. मी होयवर बोट ठेवलं. मग खालच्या रिकाम्या जागेत, जिथं काही लिहायची गरज नाही असं लिहिलेलं होतं, तिथं लिहिलं, त्यानंच सांगितलंय, तुमच्या आधी.